अकरावीला कॉम्प्युटर सायन्स घेताना: काय मिळते आणि काय सुटते

दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात पालकांची ये-जा सुरू होते. कुणी बोईसरच्या एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून तसेच, झोप न घेता येतात. कुणी मनोरहून एसटीने येतात, कुणी तारापूर-चिंचणीकडून रिक्षाने. हातात मार्कशीटची झेरॉक्स असते आणि प्रश्न जवळजवळ ठरलेला: "सर, मुलीला कॉम्प्युटर द्यायचंय. नोकरी पक्की ना?"

काही वर्षांपूर्वी याच प्रश्नाला आम्ही पटकन "हो, चांगला विषय आहे" असे उत्तर दिले. मुलगी हुशार होती. तिने विज्ञान शाखेत कॉम्प्युटर सायन्स घेतले. बारावीच्या दिवाळीनंतर ती भेटायला आली आणि म्हणाली, "सर, मला फिजिओथेरपीला जायचंय. पण माझ्याकडे बायोलॉजीच नाहीये." तिला वाटले होते की कॉम्प्युटर हा जास्तीचा विषय आहे, बाकी सगळे आहे तसेच राहील. प्रवेशाच्या दिवशी तिला हे कोणी समजावून सांगितले नाही. आम्हीही सांगितले नव्हते. पुढे तिने बीएससी आयटी केले, आज ती नोकरीवर आहे. तिचे वाईट झाले असे नाही, पण तिला जे हवे होते ते राहून गेले. ते तिने विचार करून सोडलेले नव्हते.

म्हणून हा लेख. पालघर, बोईसर, तारापूर भागातल्या पालकांनी आणि मुलांनी अकरावीचा फॉर्म भरण्याआधी हा विषय नेमका काय आहे, त्यासाठी काय सोडावे लागते आणि पुढे कुठली वाट उघडते, हे एकदा नीट पाहून घ्यावे.

एकाच नावाखाली चार वेगळ्या गोष्टी

आपल्याकडे "कॉम्प्युटर केलं" असे म्हणतात तेव्हा चार वेगळ्या गोष्टींपैकी कुठलीही एक असू शकते.

पहिली, एमएस-सीआयटी. हा संगणक वापरायला शिकवणारा छोटा कोर्स आहे. टायपिंग, एक्सेल, ईमेल, इंटरनेट अशी कामे त्यात येतात. उपयोगी आहे, अनेक सरकारी नोकऱ्यांत त्याचे प्रमाणपत्र मागतात. पण तो अकरावी-बारावीचा विषय नाही.

दुसरी, राज्य मंडळाचा आयटी, म्हणजे माहिती तंत्रज्ञान हा विषय. तो १०० गुणांचा असतो आणि कला, वाणिज्य, विज्ञान तिन्ही शाखांत घेता येतो. ८० गुणांची परीक्षा संगणकावर ऑनलाइन होते आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. वेबसाइट बनवणे, जावास्क्रिप्ट, पीएचपी, डेटाबेस, ई-कॉमर्स, सायबर कायदा असे भाग त्यात आहेत.

तिसरी, राज्य मंडळाचे कॉम्प्युटर सायन्स. हा विज्ञान शाखेतला २०० गुणांचा विषय आहे आणि तो 'द्विलक्षी' गटात मोडतो. या लेखाचा मुख्य विषय हाच.

चौथी, सीबीएसई शाळांतले कॉम्प्युटर सायन्स. नाव तेच, पण अभ्यासक्रम बराच वेगळा. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

फॉर्म भरताना यातले कुठले आपण निवडत आहोत हे आधी ठरवा. आयटी आणि कॉम्प्युटर सायन्स यांत दरवर्षी गोंधळ होतो.

द्विलक्षी म्हणजे काय, आणि हिशेब कसा बसतो

द्विलक्षी म्हणजे दोन उद्देश ठेवून आखलेला विषय: पुढचे शिक्षणही घेता यावे आणि हाताला थोडे कौशल्यही मिळावे. कॉम्प्युटर सायन्सखेरीज इलेक्ट्रॉनिक्स, क्रॉप सायन्स, विद्युत आणि यंत्र देखभालीचे विषय याच गटात येतात. प्रत्येक द्विलक्षी विषय २०० गुणांचा असतो, म्हणजे तो दोन विषयांची जागा घेतो. सगळी गोष्ट इथेच आहे.

विज्ञान शाखेत मुख्य विषयांचे ६०० गुण असतात. ते तीन तऱ्हांनी भरता येतात.

पहिली तऱ्हा: इंग्रजी, दुसरी भाषा (उर्दू, मराठी, हिंदी यांपैकी कॉलेजात असेल ती), भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र. प्रत्येकी १००. यात सगळे दरवाजे उघडे राहतात, पण संगणक नाही.

दुसरी तऱ्हा: इंग्रजी, आयटी, भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र. इथे दुसरी भाषा सुटते. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही राहतात.

तिसरी तऱ्हा: इंग्रजी, भौतिक, रसायन, गणित आणि २०० गुणांचे कॉम्प्युटर सायन्स. इथे दुसरी भाषाही सुटते आणि बहुतेकांचे जीवशास्त्रही सुटते.

पर्यावरण शिक्षण आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण तिन्ही तऱ्हांत असतातच.

हा हिशेब वहीच्या कागदावर तीन रकाने पाडून मुलासमोर मांडा. पाच मिनिटांचे काम आहे. आमच्या अनुभवात निम्मे गोंधळ तिथेच मिटतात. अकरावी सुरू झाल्यावर विषय बदलायचा म्हटले की कॉलेजातली रिकामी जागा, वेळापत्रक आणि मंडळाचे नियम तिन्ही आडवे येतात. बारावीत तर बदल जवळजवळ अशक्य होतो.

पहिल्या पेपरात काय असते

बारावीला कॉम्प्युटर सायन्सचे दोन पेपर असतात. प्रत्येकी ५० गुणांची लेखी आणि ५० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा. म्हणजे अर्धे गुण प्रयोगशाळेतले.

पहिला पेपर सॉफ्टवेअरचा. ऑपरेटिंग सिस्टीम, डेटा स्ट्रक्चर, सी++ भाषा आणि वेबपेजसाठीची एचटीएमएल हे त्याचे मुख्य भाग.

डेटा स्ट्रक्चर म्हणजे माहिती रचून ठेवायच्या पद्धती. हे ऐकायला अवघड वाटते, पण शिक्षकाला रोज लागणारी गोष्ट आहे. समजा एक हजार मुलांची नावे कशीही लिहिलेली आहेत आणि त्यातून एक शोधायचे आहे. नशीब वाईट असेल तर हजारही नावे वाचावी लागतील. पण तीच नावे अकारविल्हे लावलेली असतील, तर मधोमध उघडून पाहा: आपले नाव पुढे आहे की मागे? अर्धी यादी बाद. उरलेल्याचे पुन्हा मधले पाहा, पुन्हा अर्धी बाद. असे केले तर जास्तीत जास्त १० वेळा पाहून नाव सापडते. याला बायनरी सर्च म्हणतात. आपण शब्दकोशात शब्द असाच शोधतो, फक्त त्याचे नाव आपल्याला माहीत नसते.

उलट, नावे क्रमाने लावायची सोपी पद्धत बबल सॉर्ट. शेजारच्या दोन नावांची तुलना करायची आणि चुकीच्या क्रमाने असतील तर जागा बदलायची. १० नावांना ४५ तुलना लागतात, १०० नावांना ४,९५०, आणि १,००० नावांना ४,९९,५००. नावे दहापट झाली की काम जवळजवळ शंभरपट होते. 'पद्धत निवडताना डोके वापरा' हे शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण नाही. अशा पायरीपायरीच्या पद्धतीला अल्गोरिदम म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिज्मी या गणितज्ञाच्या नावावरून आला आहे, आणि 'अल्जिब्रा' हा शब्द त्यांच्याच ग्रंथाच्या नावातल्या 'अल-जब्र'वरून. मुलांना हे सांगितले की त्यांना आवडते, पण तेवढ्यावर पेपर सुटत नाही, हेही आम्ही लगेच सांगतो.

सी++ बद्दल एक व्यवहारातली गोष्ट. अनेक कॉलेजांच्या प्रयोगशाळांत अजून जुने टर्बो सी++ असते. त्यात 'आयओस्ट्रीम डॉट एच' असे लिहावे लागते. घरी मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर नवा कंपायलर घेतला तर त्यात तो 'डॉट एच' चालत नाही आणि 'युजिंग नेमस्पेस एसटीडी' ही ओळ घालावी लागते. कॉलेजात चालणारा प्रोग्राम घरी चालला नाही म्हणून मुले घाबरतात. प्रोग्राम बरोबर असतो, बोली वेगळी असते. दोन्ही शिकून ठेवावे. परीक्षेत मात्र कॉलेजात शिकवतात तसेच लिहावे.

दुसऱ्या पेपरात काय असते

दुसरा पेपर हार्डवेअरकडे जातो. ८०८५ मायक्रोप्रोसेसरची रचना, त्याच्या सूचना आणि त्यावरचे प्रोग्राम, इंटेलच्या एक्स-८६ मालिकेची ओळख, ८०५१ मायक्रोकंट्रोलरची ओळख आणि नेटवर्किंग.

८०८५ ही इंटेलची १९७६ ची चिप आहे. पालक विचारतात, "एवढं जुनं कशाला शिकवतात?" रास्त प्रश्न आहे. उत्तर असे की ती लहान आहे म्हणून पूर्ण समजते. तिला ४० पिना आहेत. ती एका वेळी ८ बिटांचे काम करते आणि ६५,५३६ जागांपर्यंतची मेमरी ओळखते. आजच्या मोबाइलचा प्रोसेसर उघडून दाखवता येत नाही. ८०८५ मध्ये आकडा कुठून आला, कुठे बेरीज झाली, उत्तर कुठे ठेवले, हे बोट ठेवून दाखवता येते.

उदाहरण म्हणून ५ आणि ३ ची बेरीज घेऊ. पहिली सूचना: 'ए' या रजिस्टरमध्ये ५ ठेव. दुसरी: 'बी' मध्ये ३ ठेव. तिसरी: 'बी' मधले 'ए' मध्ये मिळव. चौथी: थांब. प्रत्येक सूचनेला एक सांकेतिक अंक असतो, म्हणून ट्रेनर किटवर हा प्रोग्राम ३ई, ०५, ०६, ०३, ८०, ७६ असा एकेक करून भरावा लागतो. एक आकडा चुकला की उत्तर चुकते. चूक स्वतःलाच शोधावी लागते, यंत्र सांगत नाही. हे धीराचे काम आहे. पाढे पाठ असलेली पण घाई करणारी मुले इथे अडतात, आणि सावकाश, नीटनेटके काम करणारी सरासरी मुले पुढे जातात. असे आम्ही एकापेक्षा जास्त वेळा पाहिले आहे.

८०५१ हा १९८० चा. त्यात प्रोसेसर, थोडी मेमरी, टायमर आणि बाहेरच्या यंत्रांना जोडायच्या वाटा एकाच चिपमध्ये असतात. तापमान मोजा, वाढले तर पंखा लावा, अशी ठरलेली कामे असले कंट्रोलर करतात.

आपल्या भागातल्या मुलांना हे पुस्तकी वाटायचे कारण नाही. तारापूर एमआयडीसीतल्या रासायनिक, औषधी आणि कापड कारखान्यांत तापमान, दाब, व्हॉल्व्ह यांवर लक्ष ठेवणारे पॅनेल असतात. वडील किंवा काका प्लान्टमध्ये ऑपरेटर असतील तर 'पीएलसी' हा शब्द त्यांच्या तोंडून घरी येतोच. तेही शेवटी सूचना क्रमाने पाळणारे संगणकच. आणि तारापूरचे अणुवीज केंद्र, जे १९६९ पासून वीज देते, ते ज्या होमी भाभांच्या अणुऊर्जा कार्यक्रमातून उभे राहिले, त्याच भाभांच्या मुंबईतल्या टीआयएफआर संस्थेत 'टिफ्रॅक' हा देशात बनलेल्या पहिल्या संगणकांपैकी एक तयार झाला. त्याला १९६२ मध्ये हे नाव दिले गेले. अब्बूंना एखाद्या रविवारी बसवून "तुमच्या प्लान्टमध्ये मशीन बंद-चालू कोण ठरवतं?" असे विचारा. धडा तिथून सुरू होतो.

सीबीएसईमध्ये काय वेगळे

तारापूरच्या अणुऊर्जा वसाहतीतल्या शाळा सीबीएसईच्या आहेत. बोईसर-पालघर भागात इतरही सीबीएसई शाळा आहेत. तिथे कॉम्प्युटर सायन्स (विषय क्रमांक ०८३) हा १०० गुणांचा एकच विषय असतो: ७० लेखी, ३० प्रात्यक्षिक. भाषा पायथन. बारावीच्या ७० गुणांत प्रोग्रामिंग ४०, नेटवर्क १०, डेटाबेस आणि एसक्यूएल २० अशी वाटणी आहे. मायक्रोप्रोसेसर नाही. त्यांच्याकडे इन्फर्मॅटिक्स प्रॅक्टिसेस (०६५) नावाचा आणखी एक विषय आहे, त्यात डेटा हाताळण्यावर भर असतो.

कुठला चांगला, असे विचारू नका. मुलगा दहावीपर्यंत ज्या मंडळात शिकला तिथून उगाच उडी मारू नये. फक्त एक लक्षात ठेवा: शेजारच्या सीबीएसईवाल्या मुलाचे पायथनचे गाइड राज्य मंडळाच्या मुलाच्या परीक्षेला उपयोगी नाही.

पुढे कुठल्या वाटा उघडतात

सर्वात मोठा गैरसमज असा की इंजिनियरिंगला जायचे तर बारावीला कॉम्प्युटर सायन्स लागतेच. तसे नाही. एमएचटी-सीईटीत संगणकाचा एकही प्रश्न नसतो. भौतिक ५०, रसायन ५० आणि गणित १०० गुणांचे असते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. साधारण २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमावर आणि ८० टक्के बारावीच्या. कॉम्प्युटर सायन्समध्ये २०० पैकी १९० मिळाले तर टक्केवारी सुंदर दिसते, पण सीईटीचा पर्सेंटाइल त्याने वाढत नाही. कॉम्प्युटर इंजिनियरिंगची जागा गणितावर मिळते.

मग फायदा काय? पहिला, आवड खरी आहे की नाही ते दोन वर्षांत कळते. दुसरा, डिग्रीच्या पहिल्या वर्षी इतरांना सी++ आणि प्रोसेसर नवे असतात, याला ओळखीचे वाटतात. तिसरा, हाताने करून पाहायची सवय लागते.

मुंबई विद्यापीठाच्या बीएससी आयटी आणि बीएससी कॉम्प्युटर सायन्सला बारावीत गणित असावे लागते. कॉम्प्युटर सायन्स असलेच पाहिजे अशी अट नाही. बीसीएसाठी २०२४ पासून राज्याची वेगळी सीईटी आहे. तिचा फॉर्म बारावीच्या परीक्षेच्या आसपासच भरायचा असतो, निकालानंतर विचारायला आलेली मुले तो चुकवून बसतात. फार्मसीची वाट गणित गटानेही खुली राहते, हे पुष्कळांना माहीत नसते.

बंद होतात त्या वाटा अशा: एमबीबीएस, बीडीएस, बीयूएमएस, बीएचएमएस, बीएएमएस, फिजिओथेरपी. या सगळ्यांना जीवशास्त्र आणि नीट लागते. मागून जीवशास्त्राची परीक्षा देऊन परत यायचे म्हणजे निदान एक वर्ष द्यावे लागते. मुलीच्या मनात युनानी किंवा इतर कुठली वैद्यकीय वाट थोडी जरी असेल, तर कॉम्प्युटर सायन्सऐवजी आयटी घ्या. संगणकही होतो, जीवशास्त्रही राहते.

ज्याला दहावीनंतर लवकर कामाला लागायचे आहे त्याने अकरावीच्या मागे न लागता पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा कॉम्प्युटर डिप्लोमा पाहावा. त्यानंतर इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. पालघरचे सेंट जॉन आणि बोईसरचे थीम अशी इंजिनियरिंग कॉलेजे आपल्याच भागात आहेत, तेव्हा मुंबई गाठलीच पाहिजे असे नाही. आयटीआयमध्ये 'कोपा' हा एक वर्षाचा संगणक ट्रेडही असतो.

भाषेचा प्रश्न

आता आमच्या मनाला लागणारी गोष्ट. कॉम्प्युटर सायन्स घ्या की आयटी, दुसरी भाषा सुटते. उर्दू माध्यमातून दहावी केलेल्या मुलाची उर्दू पंधराव्या-सोळाव्या वर्षी शाळेपुरती संपते. मराठी माध्यमाच्या मुलाची मराठीही तशीच.

आम्ही असे म्हणत नाही की भाषेसाठी विषय सोडा. पण सुटते आहे हे माहीत असावे. घरात रोज अर्धा तास उर्दू आणि मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचले तरी भाषा टिकते. आणि ती पुढे कामाला येते. उर्दू पत्रिका, वर्तमानपत्रे आणि पुस्तके ज्या 'इनपेज' सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षे निघाली, ते १९९४ मध्ये भारतातच तयार झाले. नस्तालीक लिपी संगणकावर उतरवायला प्रोग्रामिंग आणि उर्दू दोन्ही जाणणारी माणसे लागली. आजही ज्याला दोन्ही लिप्या येतात आणि प्रोग्रामही लिहिता येतो, अशी माणसे थोडी आहेत.

दुसरी बाजू इंग्रजीची. हा विषय इंग्रजीतून शिकवला जातो आणि पेपरही इंग्रजीत लिहायचा असतो. आमचा मुलगा 'मुतगय्यर' ओळखतो, मराठी माध्यमाचा 'चल' ओळखतो, कॉलेजात दोघांना 'व्हेरिएबल' ऐकायला मिळते आणि दोघेही गप्प बसतात. वस्तू तीच आहे, फक्त नाव नवे. दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत एक वही करा: डाव्या रकान्यात उर्दू किंवा मराठी संज्ञा, उजवीकडे इंग्रजी. गणिताच्या पुस्तकातून दोनशे शब्द काढले तरी पहिले तीन महिने सुखाचे जातात. आमच्या ज्या मुलांनी ही वही केली त्यांना पहिल्या चाचणीत निदान प्रश्न काय विचारला आहे ते कळले.

लॅपटॉप, खर्च आणि प्रवास

लॅपटॉपसाठी कर्ज काढू नका. पहिल्या वर्षाला कॉलेजची लॅब, वही-पेन्सिल आणि एक जुना मोबाइल पुरतो. सी++ चे मोफत कंपायलर मोबाइलवर मिळतात. ८०८५ साठी 'जीएनयू सिम ८०८५' हे मोफत सॉफ्टवेअर साध्या जुन्या संगणकावरही चालते. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे छोटे व्हिडिओ मोफत आहेत आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत. प्रोग्राम आधी वहीत लिहावा, कागदावरच चालवून पाहावा, मग संगणकावर भरावा. परीक्षेत लेखी पेपरात प्रोग्राम हातानेच लिहायचा असतो.

प्रवासाचा विचार आधी करा. प्रात्यक्षिकांच्या बॅच कधीकधी दुपारनंतर असतात. विरार-डहाणू लोकल २०१३ मध्ये सुरू झाल्यापासून पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव ही ये-जा सोपी झाली, तरी गाड्या कमी आहेत. स्टेशनपासून लांब राहणाऱ्या मुलींना शेवटची एसटी किती वाजता, हे प्रवेशाआधी पाहावे लागते. याच कारणाने लॅब बुडते, आणि लॅब बुडाली की २०० पैकी १०० गुणांना धक्का बसतो.

पुढच्या शिक्षणासाठी एक माहिती: २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या मुलींना, घरचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. मुस्लिम समाजातल्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. ज्या नाहीत त्यांना ईडब्ल्यूएसचा अर्ज करता येतो. दाखला मात्र हवा. तहसील कार्यालयात जायला बारावीच्या निकालाची वाट पाहू नका, अकरावीतच कागद जमवा.

प्रवेशाच्या दिवशी विचारायचे प्रश्न

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. द्विलक्षी विषयाच्या जागा मर्यादित असतात, त्यामुळे पसंती भरण्याआधी एकदा कॉलेजात प्रत्यक्ष जाऊन या. अभ्यासक्रमात नव्या धोरणानुसार बदल होत आहेत, म्हणून चालू वर्षाची विषयरचना तिथेच तपासा. आणि हे विचारा:

१. हे कॉम्प्युटर सायन्स आहे की आयटी? गुण २०० की १००?

२. माझ्या मुलाचे नेमके कुठले विषय सुटतील? लिहून द्याल का?

३. लॅबमध्ये चालू स्थितीतले संगणक किती, ८०८५ चे किट किती, आणि एका बॅचमध्ये मुले किती?

४. विषयाचे शिक्षक कायम आहेत की तासिका तत्त्वावर? मागच्या वर्षी वर्षभर शिक्षक होते का?

५. विषयाची वेगळी फी किती आणि पावती मिळते का?

६. प्रात्यक्षिके किती वाजता संपतात?

प्रश्न विचारायला लाजू नका. आपल्याकडे अम्मी-अब्बू कॉलेजच्या खिडकीपाशी गप्प उभे राहतात, कारण फॉर्म इंग्रजीत असतो. मराठीत विचारा. समोरच्याने उत्तर द्यायलाच हवे. एकट्याने जायला अवघड वाटत असेल तर शाळेतल्या कुणा शिक्षकाला बरोबर घ्या. आम्ही दरवर्षी दोन-चार घरांबरोबर जातो, आणि त्या मुलीनंतर कुणालाही नुसते "हो, चांगला विषय आहे" असे सांगून परत पाठवत नाही.

आणि जाण्याआधी घरी, जेवण झाल्यावर, मुलाला किंवा मुलीला एवढेच विचारा: "तुला काय व्हायचंय?" उत्तर 'माहीत नाही' असे आले तरी चालेल. मग गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवून आयटी घ्या, दोन वर्षे विचाराला मिळतील. उत्तर ठाम आले आणि गणिताची भीती नसेल, तर कॉम्प्युटर सायन्स घ्या आणि पहिल्या दिवसापासून लॅब बुडवू नका.